पऱ्हाटीवरचे ढेकूण आणि बायकोचा गुणाकार

नांदुऱ्याकडच्या ठाण्यात असतानाची एक तक्रार अजून मनातून जात नाही. आठवली की हसू येतं.

बीटी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे दिवस. बोंडअळीची धास्ती गेली म्हणेपर्यंत पांढरा पिठ्या ढेकूण आला. एक शेतकरी तणतणत ठाण्यात आला. "साहेब, शेजारच्या चाचानं माह्या वावरात किडीच्या फांद्या टाकल्या. बकऱ्यांवरून भांडलो, त्याचाच राग काढला!" भांडणाच्या संध्याकाळी चाचा त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिसल्याची खबरही आमच्या माणसानं आणली.

पंचाईत अशी, की चाचांच्या पासपोर्टची पडताळणी माझ्याच टेबलावर होती. हजला जायचं म्हणून म्हातारा आयुष्यभर वाट पाहत होता. गुन्हा दाखल केला की पासपोर्ट अडकणार. चौकशीत चाचा हात जोडून म्हणाले, "बकऱ्या हाकलाले गेलतो साहेब. त्याच्या पऱ्हाटीले मी काऊन हात लावीन?" माणूस खोटा वाटेना. पण वाटण्यावर तपास चालत नाही.

पंचनाम्यात कीड लागलेली झाडं चाळीस होती. आठवड्यानं पुन्हा मोजली, तर ऐंशी. मी हिशेब मांडला. आठवड्याला चाळीस वाढली, म्हणजे पंचनाम्याच्या आठवडाभर आधी शून्य. नेमका भांडणाचा दिवस!

जेवताना हे घरी बोललो. आमची सौ. कॉलेजात गणित शिकवायची. "अहो, किडे काय तुमच्या पगारासारखे वाढतात? त्यांची पिलावळ वाढते. चाळीसाचे ऐंशी, म्हणजे आठवड्याला दुप्पट. मागे जाताना वजाबाकी करू नका, निम्मे करत चला." चाळीस, वीस, दहा, पाच... एका झाडाशी पोचायला पाच आठवड्यांहून जास्त मागे जावं लागलं. तेव्हा भांडण झालंच नव्हतं. दोघं एका शिदोरीत जेवत होते!

दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन फिर्यादीला विचारलं, "भांडणाच्या महिनाभर आधी इथं नवीन काय आणलं?" त्याला आठवेना. त्याची बायको हळूच म्हणाली, "म्या माहेरून जास्वंद आणली. हिरीपाशी लावली." जाऊन पाहिलं, तर जास्वंद किड्यांनी पांढरी झालेली, आणि तिच्या लगतची पऱ्हाटी सगळ्यात जास्त सुकलेली. फिर्यादी तिथंच तक्रार मागे घेतो म्हणाला.

त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. दोन तारखा जुळल्या म्हणून माणसाला आत टाकायचं नाही, कीड मुळात वाढते कशी ते आधी पाहायचं.

तक्रार निकाली निघाली. पडताळणीसाठी चाचांना बोलावलं, शेजाऱ्यांचे जबाबही घ्यायचे होते. तर हा फिर्यादी गडी निरोप जायच्या आधीच ठाण्यात हजर. "पह्यला जबाब माहा घ्या साहेब. लिवा, असा माणूस गावात नाई." बोलता बोलता तो उपरण्यानं डोळे पुसू लागला.

चाचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "रडून काऊन राह्यला बे? तिथं गेलो की आधी तुह्या पऱ्हाटीसाठी दुआ मागीन."