पोलांचा भरलेला कप

काहीच घडत नसलं की किस्से जास्त साठतात, हे मला लॉकडाऊनमध्ये कळलं. एरवी शाळा, ट्यूशन, नेटबॉल या धावपळीत कोण काय म्हणालं ते संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. पण मेलबर्न बंद झालं आणि क्रेगीबर्नच्या आमच्या बंद गल्लीत दिवसभरात एखादंच नवीन वाक्य ऐकू यायला लागलं. मग ते लक्षात राहणारच! त्यातली निम्मीअधिक वाक्यं आमच्या शेजारच्या घरातली आहेत. मी स्वतः फार कमी बोलते, त्यामुळे ऐकायला मला भरपूर वेळ असतो.

शेजारी पेमा राहते. ती माझ्याच वर्गात आहे. तिची आई यांगचेन मावशी एज्ड केअरमध्ये काम करते आणि वडील ट्रक घेऊन सतत दुसऱ्या राज्यात असतात. घर तिबेटी, पण तिबेट पेमाने पाहिलेला नाही आणि तिच्या आईनेही नाही. तो पाहिलाय फक्त पेमाच्या आजोबांनी, तोही लहानपणी. आजोबांना ती 'पोला' म्हणते, म्हणून मीही पोला म्हणते. पोला २०२० मध्ये लोसारला, म्हणजे तिबेटी नव्या वर्षाला, भारतातून तीन महिन्यांसाठी आले. आणि विमानं बंद झाली.

*

पोलांची आणि आमची ओळख कपडे वाळत घालताना झाली. मी आणि आई मागच्या अंगणात होतो. कुंपणापलीकडे पोला खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मी नेहमीप्रमाणे खाली बघत उभी.

आई म्हणाली, "अगं मुक्ता, निदान हसून तरी दाखव त्यांना. बिचाऱ्यांना ना इंग्लिश येत, ना आपली भाषा. दिवसभर कोणाशी बोलत असतील?"

पलीकडून आवाज आला, "तुमच्याशी बोललो असतो जी, पण तुमी विचारलंच नाई."

आईच्या हातून चिमट्यांचा डबा पडला!

मग कळलं की गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. लहानपण सोडलं तर पोलांचं सगळं आयुष्य तिथे गेलं. दर हिवाळ्यात ते नागपूरला फुटपाथवर स्वेटर विकायचे. आई पुण्याची, तिने विदर्भ फक्त नकाशात पाहिलेला. तरी दोघांच्या गप्पा रंगल्या. शेवटी पोला म्हणाले, "बाकी सगळं बेस हाये इथं. पण मले घरी जाचं हाये."

आईचा आवाज एकदम हळवा झाला. "तिबेटला ना?"

"नाई जी. गोंदियाले."

*

पोलांना परत जायची घाई होती ती कपामुळे.

त्यांच्यात घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याचा कप चहाने काठोकाठ भरून त्याच्या जागेवर ठेवतात. भरलेला कप वाट बघतो आणि माणूस परत येतं. पेमाने मला हे एका वाक्यात समजावलं होतं, "इट्स लाइक अ बुकमार्क."

पोला गोंदियाला एकटेच राहतात. त्यामुळे निघताना कपाची जबाबदारी शेजारच्या वनिताबाईंवर टाकून आले होते. वनिताबाईंच्या म्हशी आहेत आणि त्या पोलांकडे दूध घालतात. तीन महिने सांभाळायचा कप त्या सांभाळतच राहिल्या! पोला व्हिडिओ कॉल लावायचे आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणायचे, "वनिता, कप दाखव."

स्क्रीनवर आधी छत दिसायचं, मग वनिताबाईंचं नाक, मग फळीवरचा झाकणाचा कप.

"रोज नवा चहा टाकून राहिली ना मी जी. मुंग्या येत होत्या, त खाली ताटलीत पाणी ठेवलं."

पोला मान डोलवायचे आणि फोन बंद करायचे. हे इतक्या वेळा झालं, की पेमाला मराठीतले हे दोनच शब्द येतात, 'कप दाखव'.

यांगचेन मावशीला हे आवडायचं नाही. वडिलांना ती 'पाला' म्हणते. ती आईला हिंदीत सांगायची, "मी म्हणते त्यांना, पाला, कप इथेही आहे, घर इथेही आहे. मुलगी आहे, नात आहे. तिथे कोण आहे?" तिने त्यांच्यासाठी कोआलाचं चित्र असलेला मोठा कप आणला. पोला त्यातच चहा प्यायचे, शेवटच्या थेंबापर्यंत. मग स्वतः कप विसळायचे आणि ओट्यावर पालथा घालायचे.

"राहू द्या ना पाला, मी धुते," मावशी म्हणायची.

"पाव्हण्यानं आपला कप धुऊन ठेवाव."

*

अडकलेल्या भारतीयांसाठी विमानं सुरू झाली, तेव्हा माझ्या बाबांनी पोलांसाठी फोन लावला. बाबा आयटीत आहेत आणि तासन्‌तास होल्डवर थांबण्याची त्यांना सवय आहे. अखेर पलीकडे एक गृहस्थ मिळाले.

"भारतीय नागरिक आहेत का ते?"

"नाही, पण लहानपणापासून तिथेच राहिलेत. भारताने दिलेली कागदपत्रं आहेत, पासपोर्ट नाही."

"मग ही फ्लाइट त्यांच्यासाठी नाही, सर. त्यांच्या देशाने त्यांना न्यायला हवं."

बाबांनी फोनवर हात ठेवून कुंपणापलीकडे हे सांगितलं. पोलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "त्यायले सांगा, मी लहान होतो तवापासून तिकडचा फोन एंगेज हाये."

बाबांनी हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. मग त्या गृहस्थांनी पोलांचं नाव वेटिंग लिस्टला घातलं.

*

त्या काळात व्यायामाला दिवसातून एकच तास बाहेर पडता यायचं. पोला माळ घेऊन जवळच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायचे. पेमा आणि मी मास्क लावून, अंतर ठेवून मागे. फेरी नेहमी तळं उजव्या हाताला ठेवूनच, देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी.

गल्लीतला केव्हिन आपला कुत्रा घेऊन उलट्या दिशेने यायचा. एक दिवस त्याने पेमाला विचारलं, "तुम्ही कायम याच बाजूने का जाता?"

पेमाला धर्म वगैरे समजावून सांगायचा कंटाळा. तिने खांदे उडवले. "इट्स द रूल."

आता नियम तेव्हा दर आठवड्याला बदलत होते. केव्हिनला वाटलं, हा सरकारी आहे! त्याने लगेच कुत्र्याची दिशा बदलली आणि वाटेत भेटेल त्याला तंबी द्यायला सुरुवात केली. एका पळणाऱ्या माणसावर तर तो ओरडलाच, "ओय! राँग वे, मेट! कोव्हिड!"

थोड्याच दिवसांत सगळं क्रेगीबर्न तळ्याला उजवी घालायला लागलं. पोला कौतुकाने बघत राहिले. मला म्हणाले, "पोरी, एवढे धार्मिक लोक मी कुठंच पाह्यले नाई."

*

शाळेचा 'माय कल्चर' दिवस त्या वर्षी ऑनलाइन झाला. टीचरनी इंडिया मला दिला आणि तिबेट पेमाला. माझा जन्म अ‍ॅडलेडचा, बाबा तिथल्या मॉसन लेक्स कॅम्पसला शिकत होते तेव्हाचा. पेमाचा जन्म गोंदियाचा. म्हणजे आमच्या वर्गात महाराष्ट्रात जन्मलेली एकच मुलगी आहे आणि ती पेमा!

पेमाने विचारलं, "मिस, आम्ही अदलाबदल करू का?"

"लेट्स कीप इट सिंपल, गर्ल्स."

पेमाने मग डोंगर दाखवले, झेंडे दाखवले, पोलांनी सांगितलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. बोलली छान. मग एका मुलाने विचारलं, "तू तिथे गेलीयेस?"

"नाही."

"आम्ही गेलोय. सुट्टीत. इट वॉज ऑसम."

पेमाचा कॅमेरा बंद झाला. नेट गेलं होतं, असं ती नंतर म्हणाली. आमचं नेट चालू होतं, आणि दोन्ही घरांना एकच कंपनी आहे. पण मी काही बोलले नाही.

*

दर रविवारी यांगचेन मावशी झूमवर लहान मुलांना तिबेटी शिकवते. मुलं कमी दिसू नयेत म्हणून तिने मलाही बसवलं. मी कायम म्यूटवर असते, त्यामुळे वर्गातली सर्वांत गुणी विद्यार्थिनी मीच ठरले.

एका रविवारी तिने पोलांना पाहुणे म्हणून बोलावलं. विषय होता 'आपलं घर'. मुलांना ऐकून चित्र काढायचं होतं. मावशीच्या मनात काय होतं ते उघड होतं. बर्फाचे डोंगर, याक, मोठा राजवाडा. पोला बराच वेळ बोलले. पेमाने मला चॅटवर भाषांतर करून पाठवलं, पण अर्धंच, कारण अर्धं तिलाही कळलं नव्हतं.

मग मुलांनी चित्रं कॅमेऱ्यासमोर धरली. सहा वर्षांच्या तेन्झिनच्या चित्रात भाताचं शेत होतं, पाण्यात बसलेली म्हैस होती, प्रार्थनेच्या झेंड्यांनी बांधलेलं चिंचेचं झाड होतं. घराच्या खिडकीत एक मोठा चौकोन.

मावशीने विचारलं, "तेन्झिन, यात बर्फ कुठे आहे?"

तेन्झिनने चौकोनावर बोट ठेवलं. "हा कूलर आहे. यात टाकतात."

पोलांनी मान डोलावली. "बरोबर."

मावशीने त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

*

पुढच्या लोसारपर्यंत लॉकडाऊन उठला होता. जुन्या वर्षाच्या अखेरीला त्यांच्याकडे एक सूप करतात. प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि त्याच्या पोटात माणसाचा स्वभाव सांगणारी वस्तू. लोकर निघाली तर माणूस मऊ मनाचा, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. मिरची निघाली तर बडबड्या.

माझ्या गोळ्यात मिरची निघाली! सगळे पोट धरून हसले. पोला मात्र गंभीरपणे म्हणाले, "बरोबर हाये. हे पोरगी पोटात बोलते."

जेवण झाल्यावर पेटत्या मशाली घेऊन घरातलं वाईट बाहेर चौकात हाकलून यायचं असतं. पण त्या दिवशी वणव्यांच्या भीतीने टोटल फायर बॅन होता. अंगणात शेगडीसुद्धा पेटवायची नाही. मग आम्ही मोबाइलचे टॉर्च लावले आणि ओरडत चौकापर्यंत गेलो. म्हणजे ते ओरडले, मी टॉर्च धरला.

केव्हिन बाहेर आला. "यू राइट, मेट?"

"वर्षभरातलं वाईट हाकलतोय," पेमा म्हणाली.

"नो वरीज. व्हायरसही न्या जाता जाता."

दोन-तीन दिवसांत सरकारने पुन्हा लॉकडाऊन लावला. केव्हिन कुंपणावरून ओरडला, "ओय पेमा! यू मिस्ड अ बिट!"

पोला म्हणाले, "मोबाइलच्या उजेडाले काही भेत नाई. मी सांगतलं होतं."

*

मग मार्चमध्ये पोलांना सीट मिळाली.

त्या आठवड्यात यांगचेन मावशी कोणाशीच धड बोलली नाही. पोलांची बॅग तिनेच भरली, दोनदा रिकामी केली आणि पुन्हा भरली. निघायच्या सकाळी आई डबा घेऊन गेली, तिच्यामागे मी. टॅक्सी दारात उभी होती. केव्हिन बॅग डिकीत ठेवत होता.

मावशीने चहा केला. कोआलाचा कप घेतला, काठोकाठ भरला आणि टेबलावर पोलांच्या जागेसमोर ठेवला. कप भरताना तिने पोलांकडे बघितलं नाही. पेमाने बघितलं. आईच्या काही लक्षात आलं नाही, ती म्हणाली, "अगं बाई, आता कुठे चहा? टॅक्सी थांबलीय ना!"



पोला कपासमोर उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. शांतपणे, फुंकर मारत, त्यांनी सगळा चहा पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापर्यंत. उठून कप विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

मावशी बाहेर निघून गेली आणि टॅक्सीत जाऊन बसली.

पोलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पेमाच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तेही गेले. आई आणि केव्हिन दारात उभे राहून हात हलवत होते. मी स्वयंपाकघरातच होते. किटलीत चहा उरला होता. पेमाने पालथा कप सुलटा केला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "डोन्ट टेल मम."

मी कशाला सांगते! पण मावशी एअरपोर्टवरून परत आली, तेव्हा कप टेबलावरच होता. तिने तो पाहिला आणि त्याच्याभोवतीचं टेबल पुसून घेतलं.

काही दिवसांनी पोलांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच होते. आधी छत दिसलं, मग वनिताबाईंचं नाक, मग पोला. मागे फळी होती आणि फळीवर झाकणाचा कप पालथा. मावशी एका दमात विचारायला लागली, प्रवास कसा झाला, टेस्ट केली का, जेवलात का, ताप नाही ना.

पोलांनी तिला हाताने थांबवलं.

"पेमा," ते म्हणाले, "कप दाखव."