रंगरावांनी पास केलेलं कार्ड

सोहेलचं नाव काढलं की धम्मरत्नाच्या कपाळावर आठ्या पडायच्या, आणि घरात तर जेवायला बसलं की दुसरं नावच निघत नव्हतं.

"सोहेलनं आज घाटाचा रस्ता लावलावता," त्याचे वडील, रंगराव, भाकरी मोडत सांगायचे. "काय वळणं, काय वळणं! आन् त्या पोराच्या हाताला काय सफाई हाय! एक तार इकडची तिकडं न्हाई."

धम्मरत्न खाली मान घालून आमटी ओरपायचा. चाकणच्या एका कंपनीत तो परचेसमध्ये होता. ट्रकच्या ट्रक माल त्याच्या सहीनं गेटातून आत यायचा, व्हेंडर लोक त्याला 'साहेब' म्हणायचे, दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे पाठवायचे. पण त्याच्या हाताला सफाई आहे, असं रंगराव उभ्या आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. आणि खालच्या गाळ्यात मोडके कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोहेल एका पावसाळ्यात एवढा मोठा झाला होता!

रंगरावांनी कुणाचं कौतुक करावं, हीच मुळात नवलाची गोष्ट होती. आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात ते टेस्टर होते. लाइनवरून उतरलेली गाडी त्यांच्या हातात यायची, ते ट्रॅकवर फिरवून आणायचे आणि उतरता उतरता एकच शब्द बोलायचे, 'पास' नाहीतर 'परत'. मधलं काही नाही. महिनाअखेरीला माल बाहेर काढायची घाई असायची, तेव्हा साहेब लोक गोड बोलायचे, मग आवाज चढवायचे. रंगराव हेल्मेट काढून त्यांच्यापुढे धरायचे. "तुमी बसा साहेब, आन् तुमीच पास करा." हँडल केसभर थरथरलं तरी गाडी परत जायची. युनियनवाले आणि मॅनेजमेंटवाले एका गोष्टीवर तरी एकमतानं चिडायचे, ती म्हणजे रंगराव.

घरीही त्यांचं हेच. धम्मरत्नाच्या दहावीच्या निकालावर ते "बरं हाय" म्हणाले. नोकरी लागली तेव्हा "बरं झालं." दापोडीत हा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी नळ सोडून बघितले, दारं उघडून-लावून बघितली आणि म्हणाले, "बाथरूमचं दार घासतंय." धम्मरत्नाला दहावीत बोर्डानं पास केलं होतं, अण्णांनी नव्हे. चाळिशीला आला तरी तो त्या एका शब्दाची वाट बघत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण आम्रपालीला ते लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

मग गेल्या उन्हाळ्यात पुलाच्या उतारावर रंगरावांची स्कूटर घसरली. खुब्याला मार बसला, महिनाभर पडून होते. तेवढ्यात धम्मरत्नानं स्कूटर विकून टाकली. काळजीपोटीच विकली, पण विचारलं नाही. रंगराव खिडकीत बसायला लागले. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता पुटपुटायचे, "चेन ढिली हाय हिची." बाकी दिवसभर गप्प.

आणि त्यांना बोलतं केलं सोहेलनं. त्यानं गाळ्यात व्हीआरचा सेट मांडला होता. डोळ्यांवर तो जाडजूड डबा चढवला की माणूस दुसऱ्याच जगात. काठी टेकत दूध आणायला निघालेल्या रंगरावांना त्यानं एकदा सहज आत बोलावलं. त्यांना मोटारसायकलचा खेळ आवडला म्हटल्यावर भंगारातून जुन्या स्कूटरचं हँडल आणून एका स्टुलाला जोडलं, तारा आत नेल्या. रंगराव त्या स्टुलावर बसले ते थेट डोंगररस्त्याला लागले. खुबा दुखायचा प्रश्नच नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा गालांवर लाली होती.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच धम्मरत्नाला जास्त झोंबायची. अख्खी गल्ली त्यांना रंगरावकाका म्हणायची. सोहेल मात्र धम्मरत्नासारखाच 'अण्णा' म्हणायला लागला होता.

"अहो, हसायला लागलेत ते," आम्रपाली म्हणाली. "ते बघा ना."

"हसू देत की. मी कुठं नको म्हणतोय? पण स्वतःच्या घरी हसावं माणसानं."

"म्हणजे जळताय तुम्ही."

"मी? त्या सोहेलवर?" धम्मरत्न एवढ्या मोठ्यानं हसला की पुढे काही सिद्ध करायची गरजच उरली नाही.

त्यानं ठरवलं, व्हीआर घरीच आणायचं. कंपनीतल्या एका इंजिनिअरनं हौसेनं घेतलेला हेडसेट माळ्यावर धूळ खात पडला होता, तो त्यानं स्वस्तात पटवला. घरी कॉम्प्युटर होताच. अडलं होतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. सगळी चित्रं तेच काढतं, ते दणकट नसेल तर व्हीआर चालत नाही, एवढं त्याला कळलं. पण कोणतं घ्यायचं? पोरांच्या शाळेची फी तोंडावर होती, हात आखडूनच सगळं करायचं होतं.

हे सांगणारा माणूस जिना उतरल्यावर डाव्या हाताला बसला होता. चिंचवड-निगडीपासून लोक बजेट सांगायला सोहेलकडे यायचे. धम्मरत्न एकदा गेलाही. उगीच पेनड्राइव्ह विकत घेतला आणि सोहेलच्या मशीनच्या काचेतून आत डोकावून कार्डावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. आत रंगीत दिवे लागले होते, नाव काही दिसेना.

"कार्ड घ्यायचंय का, धम्माभाऊ?" सोहेलनं विचारलं. "अण्णांसाठी असेल तर बजेट सांगा फक्त. मी बसवून देतो."

"नाही नाही, सहज बघत होतो," धम्मरत्न म्हणाला आणि जिना चढता चढता धुमसत राहिला. अण्णांसाठी काय घ्यायचं, ते आता हा सांगणार!

मग त्यानं आपल्या पद्धतीनं काम केलं. परचेसच्या माणसाला तीन कोटेशनं घेतल्याशिवाय पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. पिंपळे सौदागरच्या झगमगीत दुकानातून एक कोटेशन आणलं, बाकीची दोन ऑनलाइन. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, याच पैशांत वापरलेलं पण वरच्या दर्जाचं कार्ड देतो, फक्त पॉवर सप्लाय बदलावा लागेल." वापरलेलं? पक्कं बिल नसलेलं? धम्मरत्नानं त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा निमूट नव्या कार्डाचं कोटेशन लिहायला बसला. हेडसेटच्या खोक्यावर लिहिलं होतं की कमीत कमी अमुक ताकदीचं कार्ड हवं. कमीत कमी म्हटलंय ना? मग तेवढंच घ्यायचं. कंपनीत त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. अटीत बसतंय आणि सगळ्यांत स्वस्त आहे, तर वरचा एक रुपयाही द्यायचा नाही. नवं, सीलबंद, वॉरंटीचं, अटीत जेमतेम बसणारं कार्ड त्यानं आणलं. हँडलचा स्टँड मात्र एका व्हेंडरकडून खास करून घेतला, गंज न चढू देणाऱ्या पावडर कोटिंगसकट. सोहेलच्या स्टुलावर गंज होता.

रविवारी सगळं जोडून झालं. रंगरावांनी हँडल हलवून बघितलं, डबा डोळ्यांवर चढवला, एक फेरी मारली. धम्मरत्न त्यांच्या ओठांकडे बघत उभा होता, दहावीच्या निकालाला उभा होता तसाच. रंगरावांनी डबा काढला, रुमालानं कपाळ पुसलं, आणि म्हणाले,

"पास."

आम्रपालीनं पटकन पदर तोंडाला लावला. धम्मरत्न स्वयंपाकघरात गेला आणि तहान नसताना माठातलं पाणी प्याला.

त्या दिवसापासून रंगरावांचं सोहेलच्या स्टुलावर बसणं बंद झालं. संध्याकाळी घरच्याच स्टँडवर बसायचे. धम्मरत्न कंपनीच्या बसमधून उतरला की सोहेलच्या गाळ्यासमोरून मुद्दाम सावकाश चालायचा. एकदा आत बघून हातसुद्धा केला. जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं.

पण जिंकल्यासारखं फार दिवस वाटेना. अण्णा जेवताना घाटाचं काही सांगत नव्हते. अर्धी भाकरी टाकून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, "झकास चाललंय." झकास! हा शब्द तर त्यांच्या तोंडात कधीच नव्हता. धम्मरत्नाच्या मनात पाल चुकचुकली. यांना सोहेलची आठवण येते. नवंकोरं कार्ड, चकचकीत हँडल, आणि जीव अजून त्या गंजक्या स्टुलात.

त्यात एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अर्जुनरावांनी त्याला हाक मारली. "काय हो, रंगरावकाका रोज कुठल्या घाटात फिरतायत?"

"का बरं?"

"गाडी लागायच्या गोळ्या नेतायत ना पट्टीच्या पट्टी. म्हटलं पोरानं सहलीची सोय केलेली दिसते."

धम्मरत्नाच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीच्या जागी पडला. सोहेलकडे गाडी होती. म्हणजे दुपारी, तो कंपनीत असताना, सोहेल अण्णांना खऱ्या घाटात नेतो! इथे मी स्कूटर विकून वाईट झालो, आणि हा लेकाचा त्यांना लोणावळा दाखवून चांगला होतोय! बॅग खांद्यावर तशीच, तो तडक गाळ्यात शिरला.

"कुठं नेतोस रे माझ्या वडिलांना?"

सोहेलच्या हातात सोल्डरिंगची सळई होती, ती त्यानं बाजूला ठेवली. "मी? अण्णा तर महिनाभर या स्टुलावरसुद्धा बसलेले नाहीत. बाहेर नेणं तर सोडाच."

"मग गोळ्या कशाला घेतात?"

सोहेलनं सळईचा प्लग काढला. मग म्हणाला, "मला बोलू नको म्हणालेत."

"अरे, माझे वडील आहेत ते!"

"तुमचेच आहेत, म्हणून तर." सोहेलनं स्टूल पुढे सरकवलं, धम्मरत्न बसला नाही. "धम्माभाऊ, तुमचं कार्ड पुरत नाही. खोक्यावर कमीत कमी लिहिलेलं असतं, म्हणजे चालू होईल एवढंच. मोटारसायकलचा खेळ जड असतो. मान वळवली की चित्र मागून वळतं. डोळे म्हणतात एक, पोट म्हणतं दुसरं. धडधाकट माणसाला उलटी होते. पहिल्याच रविवारी अण्णा खाली आले, या पायरीवर बसले, लिंबू मागितलं. मी म्हटलं, थांबा, वर जाऊन सांगतो, कार्ड बदलून घेऊ. तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, 'त्यानं हौसेनं आणलंय. तू मधी पडू नगंस.'"

धम्मरत्नाला आधी काय वाटलं असेल? लाज? छे. आधी वाटलं, अण्णांनी लिंबू मागितलं ते याच्याकडे. माझ्या घरात लिंबं नव्हती का? इतका तो सोहेलवर जळत होता. बाकीचं सगळं जिना चढताना एकेका पायरीवर ध्यानात येत गेलं. ज्या माणसानं साहेबांच्या तोंडावर हेल्मेट धरलं, केसभर थरथरणारी गाडी परत पाठवली, तो माणूस रोज संध्याकाळी गोळी गिळून आपल्या स्टँडवर बसत होता.

दार उघडंच होतं. रंगराव हँडलपाशी बसले होते. लेकाची चाहूल लागताच त्यांनी घाईनं काहीतरी सदऱ्याच्या खिशात सारलं आणि हेडसेटकडे हात नेला.

"आलास? थांब, एक फेरी मारतो."

"द्या इकडं," धम्मरत्न म्हणाला. "आज मी मारतो."

एवढ्या दिवसांत त्यानं तो डबा एकदाही स्वतःच्या डोळ्यांवर चढवला नव्हता. परचेसचा माणूस, गाडीवर कशाला बसेल? रंगराव बाजूला झाले. तो बसला, मूठ पिळली, रस्ता सुरू झाला. समोर दरी, डावीकडे वळण. त्यानं मान वळवली. दरी जागेवरच राहिली, मग झटका देऊन मागून आली. दुसऱ्या वळणाला तळपायापासून घाम फुटला. तिसऱ्याला त्यानं डबा ओढून काढला आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. खोली फिरत होती.

"अण्णा, ही गाडी तर परत पाठवायची."

"व्हय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्या वळणाला."

"मग पास का केलीत?"

रंगराव खिडकीबाहेर बघत राहिले. खालून एक मोटारसायकल खडखडत गेली, पण तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"गाडी कुठं पास केली म्या?" ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातली पट्टी काढली, एक गोळी तोडून लेकाच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"घे. तोंड पांढरं पडलंय तुझं."