आईचा धुण्याचा दगड

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं ते बाबांना फारसं रुचलं नव्हतं. "दगडांत काय शिकायचं असतं?" म्हणायचे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही अंधेरीला राहायचो आणि बाबा फोर्टात कारकून होते.

आईला मागीलदारी धुणं आपटायला दगड हवा होता. एका रविवारी बाबा जोगेश्वरीकडच्या ओढ्यातून एक सपाट, काळपट फरशी खांद्यावर घेऊन घामाघूम होऊन आले. "अस्सल काळा पत्थर आहे. नातवंडं धुतील यावर."

पंधरा दिवसांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले. बाबांच्याच धोतरावरचा करडा डाग दाखवत आई म्हणाली, "अहो, तुमचा पत्थर विरघळतोय!" बाबांनी साबणाला दोष दिला.

मी एक तुकडा उचलला. सुरीने ओरखडला, तर लगेच चरा पडला. काळा पत्थर असा दाद देत नाही. तोंडाची वाफ सोडून हुंगलं, तर ओल्या मातीचा वास.

"बाबा, हा गाळाचा खडक आहे. शेल म्हणतात. तळ्याच्या बुडाशी चिखलाचे थर साचले, दबले, त्यांचा दगड झाला. म्हणून वहीच्या पानांसारखा सुटतोय."

"चिखलाचा दगड? काहीतरीच!"

"मग चावून बघा. दाताखाली कचकच लागली तर रेती, नाही लागली तर चिकणमाती. कॉलेजात आम्ही असंच करतो."

बाबांनी आईकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि पुढच्या दातांनी एक कपची कुरतडली. बराच वेळ चघळत राहिले.

"कचकच नाही गं," ते हळूच म्हणाले. आई हसता हसता खालीच बसली.

मग सुरी बाबांनीच घेतली आणि एकेक पापुद्रा सोडवायला लागले. एका थरावर बोटभर लांब पानाचा ठसा निघाला, शिरांसकट. बाबा त्यावर वाकले.

"किती जुनं असेल?"

"कोट्यवधी वर्षांचं. माणूसच नव्हता तेव्हा."

त्यांनी पंच्याला हात पुसले, मगच ते पान हातात घेतलं.

सोमवारी डब्याच्या पिशवीत चार कपच्या घालून ते कचेरीत गेले. संध्याकाळी दारातूनच मला हाक मारून म्हणाले, "तिघांनी चावून बघितला. हेडक्लार्कनी दोनदा!"