रस्सी पर है

हिमनदीवरचं पोस्टिंग लागलं तेव्हा मी आणि रघुनाथ एकाच सेक्शनमध्ये होतो. मी धुळे जिल्ह्यातला, तो भुसावळच्या पुढचा, तापीकाठचा. घरची केळी, कापूस. भरतीपासून सोबत. माझं 'शे' आणि त्याचं 'हाये' यावरून आम्ही एकमेकांची इतकी टिंगल करायचो की बाकीच्या पलटणीला वाटायचं, हे दोघे दोन वेगळ्या मुलखांतले असावेत. आमच्या दोघांच्या गावांत बर्फ फक्त लग्नाच्या मांडवात सरबतापुरता यायचा. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं, तिथली पोरं आम्ही. आम्हाला बर्फावर चालायला शिकवायचं होतं.

शिकवायला एक हवालदार होते. पहाडी माणूस, बुटके, आवाज घोगरा. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. उस्तादांचं शिकवणं फार नव्हतं. वर जाताना सगळ्यांनी एका दोरात. दोर प्रत्येकाच्या कमरेमांड्यांच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला. कोणी बर्फातल्या भेगेत, म्हणजे क्रेव्हासमध्ये, पडला तर त्याच्याकडे धावायचं नाही. आधी आहे तिथे आडवं पडायचं, आइस अ‍ॅक्स रुतवायची, मागच्याने दोर पक्का करायचा, आणि मग पुढे सरकायचं. हे ते रोज सांगायचे. त्याच शब्दांत.

"एक गया है, दो मत करना," एवढं बोलून ते प्रत्येकाची गाठ स्वतः दोनदा ओढून बघायचे. अधिकारी असो की स्वयंपाकी, सुटका नाही.

रघुनाथ वैतागायचा. "काल बांधली तीच गाठ हाये, उस्तादले काय रात्री स्वप्न पडतं का ती सुटल्याचं?" असं माझ्या कानात बोलायचा. पण बांधायचा. आणि चांगली बांधायचा. आमच्या सेक्शनमध्ये त्याच्याइतकी सुबक गाठ कोणाची नव्हती.

पोस्टवरचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. उठायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, वायरलेस सेटवर रिपोर्ट द्यायचा, लिंक पेट्रोलला, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतच्या गस्तीला, जायचं, परत यायचं. गोळीबार आमच्या वाट्याला आला नाही. लोक नेमकं तेच विचारतात आणि मग नाराज होतात. वर आमचा खरा शत्रू पायाखाली होता, आणि तो दिसत नव्हता.

एके दिवशी लिंक पेट्रोलवर मी सर्वांत पुढे होतो. रोजची वाट. पाय टाकला आणि खाली काही नव्हतंच. बर्फाचं पातळ झाकण फुटलं आणि मी थेट क्रेव्हासमध्ये गेलो. दोराला हिसका बसला, हार्नेस मांड्यांत रुतला. दोन्ही बाजूंना निळ्या भिंती, खाली काळोख. माझ्या मागे दोरावर रघुनाथ होता. तो मला दिसत नव्हता. मी ओरडलो, "रघ्या, हात दे!"

वरून आवाज आला, "गप लटक."

मी शिव्या दिल्या. मराठीत, अहिराणीत, हिंदीत. वर कोणी धावत येत नव्हतं. सेटवरचं बोलणं मात्र ऐकू आलं.

"एक आदमी क्रेव्हास में. रस्सी पर है. ओव्हर."

"रस्सी पर है? ओव्हर."

"रस्सी पर है. ओव्हर."

"ठीक है. जल्दी मत करना. आउट."

जल्दी मत करना! मला वाटलं, वर आलो की या सगळ्यांना बघून घेतो. नंतर कळलं, रघुनाथ बर्फावर पालथा पडून माझं सगळं वजन पेलत होता आणि मागचे दोघे दोर पक्का करत होते. दोर पक्का झाल्याचं त्यांनी सांगितल्यावरच तो पोटावर सरकत कडेला आला. त्याचं तोंड दिसलं तेव्हा मला रडू फुटलं. तो म्हणाला, "रडतो काहून? अश्रू गोठतीन ना भो." तो घाईने कडेला आला असता तर आम्ही दोघे आजही तिथेच असतो. त्याने उस्तादांचं ऐकलं म्हणून मी आहे.

खाली उतरायचा दिवस आला. बेस कॅम्पचे तंबू दिसू लागले. वाट आता रुंद, तुडवलेली होती. रघुनाथने दोर सोडायला हात घातला. उस्तादांनी लांबून पाहिलं आणि ओरडले. मग जवळ आले आणि हळू आवाजात बोलले, "जिस दिन लगे कि अब ज़रूरत नहीं, उस दिन दो गाँठ मारो."

रघुनाथने दोन गाठी मारल्या. थोड्या रागानेच.

पुढे पोस्टिंगं बदलली, आणि यथावकाश आम्ही दोघे पेन्शनवर आलो. मी धुळ्यात, देवपुरात घर केलं आणि एका शाळेत पोरांची परेड घेऊ लागलो. रघुनाथ गावी गेला, धाकटा भाऊ विलास आणि सुखलाल नावाचा जुना सालदार, म्हणजे सालगडी, यांच्या सोबतीने केळी करू लागला. गावाने त्याला 'फौजीभाऊ' करून टाकलं होतं.

मी पहिल्यांदा त्याच्या मळ्यात गेलो तेव्हा विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या झाडाला जाडजूड नायलॉनचा दोर टांगलेला होता. मी हसलो. तो म्हणाला, "उस्तादची आठवन." विहीर खोल, खाली उतरायला लोखंडी पायऱ्या. पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला की कोणीतरी उतरायचं. रघुनाथच्या मळ्यात उतरणारा दोर बांधून उतरायचा आणि वर एक माणूस दोर धरून उभा राहायचा. आजूबाजूचे शेतकरी थट्टा करायचे. याची विहीर आहे की सरहद्द, म्हणायचे. त्याने विलासला गाठ शिकवली, सुखलालला शिकवली. दोनदा ओढून बघायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आता सांगून उपयोग नाही.

त्या मे महिन्यात त्याने आमरसाला बोलावलं. मी धुळ्याहून एसटीने भुसावळला आणि तिथून त्याच्या मोटारसायकलवर मळ्यात गेलो. ऊन मी म्हणत होतं. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं आणि विजेची मोटर जळाली होती, म्हणून त्याने एक जुनं डिझेल इंजिन आणून खाली कपारीवर बसवलं होतं. त्याचा धूर विहिरीतच कोंडत होता. मला ते आवडलं नाही. आणि लिंबाकडे पाहिलं तर खिळा रिकामा.

"दोर कोठे शे?" मी विचारलं.

"हवा सुटली होती ना भो परवा. घड लागलेली केळी आडवी व्हायला लागली. सुतळी सरली, मंग तो कापून केळीले बांधला."

ज्याने केळी केली आहे त्याला हे समजेल. मेमधली वावटळ तासाभरात वर्षाची मेहनत झोपवते. घडाच्या वजनाने झुकलेलं झाड शेजारच्या झाडाला बांधून घ्यायचं, एवढाच उपाय. हाताशी जे असेल त्याने माणूस बांधतो. लुगडंसुद्धा फाडून बांधतात. त्याच्या जागी मी असतो तर मीही तो दोर कापला असता.

"मंग नवा कधी लयशी?"

"आनतो रे. संध्याकाळी भुसावळले जायचंच हाये. हे काय ग्लेशियर हाये का?"

"ग्लेशियर नही, पन खोल शे."

तो हसला. "माह्या बापाची विहीर हाये. लहानपनापासून उतरू राह्यलो." आणि मंगलावहिनींनी पानं वाढल्याची हाक मारली. वहिनी म्हणजे त्याची बायको. आम्ही जेवलो. रस गोड होता. ते शेवटचं जेवण असेल असं कोणाला वाटलं असतं?

जेवण उरकून हात धूत होतो तेवढ्यात इंजिनाचा आवाज थांबला. सुखलाल बघायला गेला. थोड्या वेळाने विलासची हाक आली, "भाऊ! सुखलाल खाली पडला!"

आम्ही धावलो. खाली इंजिनाशेजारी सुखलाल मुटकुळं करून पडला होता. हलत नव्हता. रघुनाथने कठड्यावरून पाय टाकलाही.

"रघ्या, थांब! दोर!"

"दोर कुठी हाये आता? मरन ना तो!"

"एक गया है!" मी ओरडलो. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

त्याने ऐकलं. ऐकल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तरी तो उतरला. भराभरा. सुखलाल त्याच्या घरचाच माणूस होता, त्याला तिथे पडलेला बघून त्याचे पाय थांबले नाहीत. अर्ध्यावर गेल्यावर तो मंदावला. एक पायरी उतरला, थांबला. वर पाहिलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं असं मला वाटतं. मग त्याचे हात सुटले.

विलास कठड्यावर चढला होता. मी त्याला कमरेला धरून मागे ओढलं आणि जमिनीवर दाबून धरलं. तो तरणाबांड गडी. त्याने मला लाथा घातल्या, मनगटाला कडकडून चावला. ती खूण अजून आहे.

"सोड मले! भाऊ हाये तो माह्या!"

"मना बी भाऊच शे," मी म्हणालो. पण सोडलं नाही.

मी हुकूम सोडले. तेवढंच करता येत होतं. मजूर जमले होते. दोघांना सांगितलं, लिंबाच्या पाल्याच्या फांद्या तोडा, सुतळी, साडी, मिळेल त्याने बांधून विहिरीत वरखाली करा, कोंडलेली हवा हलू द्या. बाकीच्यांना केळीत पिटाळलं. "दोर सोडून आणा. कापू नका, गाठी सोडा." वहिनी सगळ्यांच्या पुढे धावल्या. त्या गाठी सोडत होत्या आणि मोकळी झालेली झाडं घडासकट आडवी होत होती. त्या गाठी रघुनाथच्या होत्या. लवकर सुटत नव्हत्या.

तुकड्याला तुकडा जोडत मी दोर केला. प्रत्येक जोड दोनदा ओढून बघितला. मागून कोणीतरी ओरडत होतं, "आरे, बांधत काय बसला, उतर ना!" फौजी माणसाला घड्याळ बघायची सवय असते. त्या दिवशी मी बघितलं नाही, आणि बरंच झालं.

मी दोर बांधून उतरलो. वर विलास आणि इतरांनी धरला होता. डोकं जड झालं, तसं वर ओढायला लावलं. पुन्हा गेलो. आधी रघुनाथला वर दिलं, मग सुखलालला. भुसावळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि मान हलवली.

एक गेला होता, दोन झाले. तिसरा मी होऊ दिला नाही. पण हे असं वाक्य करून सांगायला सोपं आहे. त्या गावात ते कोणाला पटणार होतं? तेराव्याला मी मांडवात बसलो होतो आणि मागे दोघे बोलत होते, "दोस्त खाली मेला, हा फौजी वरती उभा राह्यला." मी वळून पाहिलं नाही. विलासने माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनींनी मात्र मला आत बोलावलं आणि एकच विचारलं.

"भाऊजी, दोर असता तर?"

खोटं बोलता आलं असतं, पण बोललो नाही. "वाचले असते, वहिनी."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

माझं म्हणणं खरं ठरलं याचा मला काडीचा आनंद नाही. उलट राग येतो, रघुनाथचा, आणि तो राग काढायला तो समोर नाही. ज्याने बर्फात मला लटकत ठेवून वाचवलं, तो स्वतःच्या मळ्यात का विसरला? मी पुष्कळ विचार केला. विसरला नव्हता तो. वर बर्फात भीती होती म्हणून तो रोज बांधत होता. घरी बापाची विहीर, बापाची केळी. गरज वाटेना. उस्तादांनी नेमक्या त्याच दिवसासाठी दोन गाठी सांगितल्या होत्या. शाळेतली पोरं मला युद्धाची गोष्ट सांगा म्हणतात. मी त्यांना विहिरीची सांगतो. त्यांना कंटाळा येतो. तरी सांगतो.

दरवर्षी मे महिन्यात मी तिकडे जातो. आमच्या पलटणीच्या स्मारकावर रघुनाथचं नाव नाही. तो ड्युटीवर असताना गेला नाही. सुखलालचं नाव तर कुठेच नाही. म्हणून मी विहिरीवर जातो, दोघांसाठी नारळ ठेवतो, वहिनींच्या हातचा चहा घेतो आणि परत येतो. विलास तेवढा वेळ केळीत निघून जायचा.

यंदा गेलो तर विलास विहिरीवरच होता. फूटव्हॉल्व्ह अडकला होता. इंजिन कधीच वर आणलेलं. लिंबाला नवा दोर होता. त्याचं एक टोक विलासच्या कमरेला, दुसरं झाडाला वेढा देऊन वहिनींच्या हातात. मी नारळ ठेवून लांबच उभा राहिलो. तो कठड्यापर्यंत गेला, थांबला, आणि माझ्याकडे न बघता माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पाह्य बरं. बराबर हाये का?"

मी गाठ धरली. दोनदा ओढली. घट्ट आणि सुबक. अशी गाठ मी एकाच माणसाच्या हातची पाहिली होती.

"बरोबर शे," मी म्हणालो. "पन अजून एक मार."

विलासने दुसरी मारली. मी वहिनींच्या मागे जाऊन दोर धरला, आणि तो उतरू लागला. खालून त्याचा आवाज आला, "धरला का?"

"धरला शे," मी म्हणालो. "सावकाश उतर. घाई नही."