ओळीपुढचं नाव

२०२४ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटलेली, पुढचं सगळं आयुष्य विहिरी खोदण्यात आणि बांधण्यात गेलं. बायको वारल्यावर शेवगावाकडचं घर बंद करून मी नगरला, सावेडीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. आलो म्हणजे आणलं. तिथं बसून आमच्या भागातल्या विहिरींचं लिहून काढायचं मी ठरवलं. आता जो तो बोअर घेतो, आणि त्या विहिरी कुणी कशा बांधल्या हे सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

हात कापतो, त्यामुळे पेन धरवेना. कॉम्प्युटरवर बसलो तर माऊसचा बाण पडद्यावर नुसता पळत सुटायचा. सून घरी बसून एका कंपनीचं काम करते. तिच्या काळ्या पडद्यावर माऊस लागतच नाही, सगळं बटणांवर. मी म्हणालो, मला हेच पाहिजे.

"आबा, ते अवघड आहे. आमच्यातली पोरंसुद्धा पळतात त्याच्यापासून."

मग तर मला तेच पाहिजे होतं. तिनं तिचा जुना लॅपटॉप दिला, बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. त्या काळ्या पडद्याला ती टर्मिनल म्हणायची आणि आत लिहायच्या जागेला एडिटर. अक्षरं तिथं जरा तुटक दिसत, वेलांटी बाजूला सरके. माझं काही अडलं नाही.

एकदा भलतीच बटणं दाबली आणि एका विहिरीचा सगळा मजकूर गेला. मला जेवण गोड लागेना. तेव्हा सून म्हणाली, लिखाणाची रोजची प्रत मागे राखून ठेवायची सोय असते, तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, आणि त्या प्रती एडिटरमधून बघायच्या तर एक प्लगइन जोडावं लागतं. "दोन-तीन जोडून दाखवते, तुम्हीच ठरवा." एकात बदललेल्या ओळीच्या कडेला नुसती रंगीत खूण यायची. एकात जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी दिसायची. शेवटच्यात प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव आणि वेळ यायची, आणि तिथूनच एकेक प्रत मागेही जाता यायचं.

ते शेवटचं उघडलं आणि माझं डोकं फिरलं. एकूणएक ओळीपुढे सुनेचं नाव.

"विहिरी म्या बांधल्या, आन् सातबारा तुझ्या नावावर?"

"लॅपटॉप माझा होता ना आबा, म्हणून माझं नाव राहिलंय. बदलते."

"आदी बदल. मग च्या टाक."

तिनं हसत बदललं, मागच्या ओळीही माझ्या नावावर करून दिल्या. खुणांचं साधं आहे, त्यात भागेल, असं तिनं सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही. मला ओळीपुढे नाव पाहिजे होतं.

त्याच दिवसांत मुलाचं नि माझं बिनसलेलं होतं. दूध आणायला गेलो असताना मी परतीचं वळण चुकलो आणि एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. तेवढ्यावरून मुलगा डोक्याच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागला. "मी काय येडा हाय का?" एवढं बोलून मी तो विषय बंद केला. सावेडीतल्या इमारती एका साच्यातल्या, कुणीही चुकेल.

मग एका संध्याकाळी मी आमच्या स्वतःच्या विहिरीचं पान उघडलं. ती मी आणि बायकोनं खणली. मी आत पहार मारायचो, ती वर पाट्या उपसायची, आई काठाला बसून असायची. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ बायको प्यायली. पानावर मात्र लिहिलं होतं, पहिली ओंजळ आई प्यायली.

सून माझं लिखाण तिच्या लॅपटॉपवर वाचून दुरुस्त्या करायची. मी तिला हाक मारली.

"माझ्या बायकोला हितनं कुनी पुसलं?"

"मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते, आबा."

"मंग ती काय आपल्या पायानं गेली? सासूला उठवून आजेसासूला बसवलीस. तुझं काय वाकडं केलं हुतं तिनं?"

तिचा चेहरा उतरला. माझ्याशेजारी बसून तिनं बटणं दाबली. त्या ओळीपुढे माझं नाव होतं. मंगळवार, दुपार.

"नाव काय, तूच लावून दिलंस."

असं मी म्हणालो खरं. पण मंगळवारी ती आणि मुलगा पुण्याला गेले होते, हे माझं मलाच आठवलं. घरात मी एकटा होतो. वरणभात गरम करून खाल्ला, वरण जरा करपलं, तेही आठवत होतं. ओळ बदललेली तेवढी आठवत नव्हती.

"मागचं दाखव."

"राहू द्या ना, आबा."

"दाखव म्हन्तो ना."

ती मागे मागे जात राहिली. आई. त्याच्या आधी बायको. त्याच्याही आधी आई. नाव सगळीकडे माझंच.

दर वेळी मी खात्रीनंच लिहिलं असणार. मी डोळे मिटून विहिरीचा काठ आठवायला लागलो. ओला झालेला पदर दिसतो, हिरवी बांगडी दिसते, वर चेहरा येत नाही. विचारावं तर दोघीही नाहीत. आणि घरच्या विहिरीची ही गत, तर लोकांच्या विहिरींचं मी जे लिहून बसलो होतो, खोली, दगड, माणसं, त्यातलं किती खरं धरायचं?

"हे काढून टाकू का?" सून हळूच म्हणाली. "नुसत्या खुणांचं ठेवू. त्यात नाव येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "यांना सांगायची काही गरज नाही."

मी लॅपटॉप मिटला. पुढ्यात आलं ते जेवलो. तिला उगाच बोललो हे कळत होतं, पण चुकलं म्हणायची सवय या तोंडाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर अंघोळ केली, इस्त्रीचं धोतर नेसलो, टोपी घातली आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. सून चहा गाळत होती. "ते नावाचं काडू नको," मी म्हणालो. "त्या डॉक्टरकडं चल माझ्यासंगं. मी त्याला तोंडानं काय सांगायचो न्हाई. तू ती ओळ उघडून दाव." आणि ती चप्पल घालेपर्यंत मी पिशवी धरून जिन्यात उभा राहिलो.