गाळलेल्या पाण्याचा ड्रम

मोताळ्यातले सगळ्यात स्वच्छ डास आमच्या घरी जन्माला आले.

आमच्याकडे नळ दहा-बारा दिवसांनी येतो. आला की मी दोनशे लिटरचा ड्रम तिहेरी फडक्यातून गाळून भरतो. (निवृत्त विज्ञान मास्तर! गाळल्याशिवाय मला काही पटत नाही.) अशात एका शनिवारी आरोग्य केंद्राच्या आशाताई गल्लीत ओरडत आल्या, "कोरडा दिवस! सारी भांडी रिकामी करा!"

एवढं पाणी ओतायचं? मी ड्रमवर फळी टाकली, फळीवर गोधडी आणि गोधडीवर स्वतः बसून पेपर उघडला.

"सर, ड्रम धुतला का?"

"कालच!" मी पाय हलवत म्हणालो.

पुढच्या आठवड्यात माझी बायको सुनंदा तापाने फणफणली. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू. प्लेटलेट कमी झाल्या, भरती करा." खरंच घाबरलो. आणि घाबरलेला मास्तर जे करतो तेच केलं: दुसऱ्याला धारेवर धरलं!

"सलीमभाई, तुमच्या नालीतले डास आहेत हे!"

शेजारचे सलीमभाई बांगड्यांचे व्यापारी. बिचाऱ्यांनी दुकान सोडून दुपारभर नाली उपसली. तेवढ्यात आशाताई आल्या.

"सर, डेंग्यूचा डास नालीत नाही होत. साठवलेल्या चांगल्या पाण्यात होते, अन् दिवसा चावते."

"मग आमच्याकडे शक्यच नाही. आमचं पाणी गाळलेलं आहे!"

ताईंनी फळी सरकवून बॅटरी मारली. आत शेकडो अळ्या वळवळत होत्या.

"गाळूनही आल्या?" मी पुटपुटलो.

"अंडी घालाले डास काय तुमच्या फडक्यातून जाते, सर? उघडं दिसलं का बसते. अन् नुसतं ओतू नका, ड्रम घासा. अंडी कडेले चिकटून राह्यतात."

"सरका मास्तर," चिखलाच्या हातांनी सलीमभाईंनी ड्रम आडवा केला. एका शब्दानंही टोमणा मारला नाही. त्याची मला जास्त लाज वाटली.

चौथ्या दिवशी सुनंदाच्या प्लेटलेट चढल्या. मी खाटेशी बसून गोधडीसकट सगळं कबूल केलं. ती उशीला टेकून बसली.

"अहो, एकाच घरात राह्यतो आपण. मग ते डास मलेच काऊन चावले, तुमाले काऊन नाही?"

"काऊन?" मी शास्त्रीय कुतूहलाने पुढे वाकलो.

"तुम्ही दाना-पाणी घालून पाळलं ना त्याइले! मालकाले कोण चावते?"