निळा तेरडा

गौर आणायच्या दिवशी सकाळी मी मोरीच्या जाळीत बोटं घालून बसले होते. एक पाकळी शोधत होते. निळ्या दगडाची, तांदळाच्या कणीएवढी.

पाकळी आईच्या ब्रोचमधली. तिचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी इटलीतल्या कुठल्याशा बंदरातून तो आणला होता. काळ्या दगडात रंगीत दगडांचे तुकडे कापून बसवलेली दोन फुलं. बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. आमच्याकडे गौर तेरड्याची. रोपांना साडी नेसवली की आई पदरावर हा ब्रोच लावायची, आणि त्यातल्या फुलांनाही तेरडाच म्हणायची. पाच निळ्या पाकळ्या, मधे पिवळा ठिपका. असा कुठे तेरडा असतो? कॉलेजात असताना पुस्तकात वाचून मी तिला सांगितलं होतं, की तिकडे ही फुलं 'मला विसरू नकोस' असं सांगायला देतात.

"सांगावं कशाला लागतं? गौर येतेच की दरसाल," ती म्हणाली, आणि तेरडा तेरडाच राहिला.

ती गेली त्या वर्षी गौर आणली नाही. यंदा आणायची होती. सणाआधी दागिने धुतो तसा मी ब्रोचही कोमट रिठ्याच्या पाण्यात टाकला. आई तो कुणाला धुऊ द्यायची नाही. मला ते तिचं सोवळं वाटायचं.

"वन्सं, मोरी काय पळून जातेय? आधी चहा घ्या," वहिनी म्हणाली. माझ्याने बसवेना. तशीच रिक्षाने महाडला गेले.

सोनाराने डोळ्याला भिंग लावलं. "रिठ्यात बुडवलात? अहो ताई, हे सोनं नाही. तुकडे राळेवर बसवलेत, सुटणारच." मग म्हणाला, "पण याआधीही कुणीतरी बुडवलाय. ही खालची पाकळी दगडाची नाही. काच आहे, बांगडीची."

मी भिंगातून पाहिलं. पाकळीला किंचित बाक होता. आई हिरव्याशिवाय बांगडी भरत नसे. निळ्या माझ्या असायच्या, लहानपणी जत्रेतून आणलेल्या.

मग बाजारात बांगड्यांचं दुकानामागून दुकान. एक निळा फार गडद, दुसऱ्यावर चमकी. तिसरा जमला, तर कासार म्हणतो, "एक नाय देत ताई, जोडी घ्या." घेतली. एकीचा तुकडा सोनाराने घासून बसवला. दुसरी हातात घालून मी दिवे लागायच्या आत घरी पोचले.

वहिनीने ब्रोच उजेडात धरला. "सापडली ना शेवटी? उगाच सकाळपासून जीव टांगणीला."

मी मान हलवली. तिने तो गौरीच्या पदराला लावला. हळदीचं बोट त्याला लागलं म्हणून ती ओला फडका घेऊन वळली.

"पाणी नका लावू त्याला," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.